लाईन नंबर सहा

सकाळी साडेसहाला गंगावऱ्ह्याच्या काठावर
पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन उघडं पडलेलं.
टोपण गवतात उताणं, त्यात दोन नट आणि एक मुंगळा.
सुकदेव बेंडकोळी बिडी न पेटवता तोंडात धरून उभे,
पेट्रोल आहे म्हणून;
समोर बाई आहे म्हणूनही असेल.
"मिस्तरीण, हे माझ्या हाताचं काम करणार?"
"हाताचं नाही आप्पा, मनगटाचं. तेवढंच."

सातपूरच्या भंगारातली ॲल्युमिनियमची पट्टी
मी रात्रीच कानशीनं घासून काटकोनात वाकवली होती.
तिच्यावर मुठीएवढी सर्व्हो मोटर,
तिच्या दांडीपासून कार्बोरेटरपर्यंत एक तार,
मधे स्प्रिंग.
स्प्रिंगचं दोनदा समजावलं:
वायर तुटली, बॅटरी मेली, डबीला भोवळ आली
तर ही मागे ओढून घेईल,
इंजिन गुरगुरत बसेल जागच्या जागी.
"म्हंजी घाबरली की हळू व्हती," ते म्हणाले.
"आमची म्हातारी घाबरली की पळायची."

पाटबंधारेच्या साहेबांना गाळ मोजायचाय.
धरणावर दोरी आखल्यासारख्या रेघा, ताशी पाच किलोमीटर,
ना सव्वापाच, ना पावणेपाच.
मागच्या महिन्यात आप्पांनी हातानं मारलेल्या रेघांचा कागद
त्यांनी माझ्यापुढे टाकला होता:
ही बघा तुमच्या नावाड्याची नाडी.

पहिल्या फेरीत माझं यंत्र काही शहाणं ठरलं नाही.
वाऱ्यानं ढकललं की उशिरा जागं व्हायचं,
मग जास्तच पिळायचं, मग सोडायचं, पुन्हा पिळायचं.
होडीला उचकी लागल्यासारखी.
आप्पा डोळे मिटून ऐकत होते.
"हिला पाणी दिसत न्हाई.
वारा यायच्या आधी पाणी काळं पडतं, त्या अंगानं.
ही अंगावर आल्यावर बघती."
मी आकडा चाळीसचा बावीस केला.
मग सोळा. मग वैतागून एकोणीस.
एकोणिसावर इंजिन एका सुरात लागलं
पिठाच्या गिरणीसारखं,
आणि आप्पांचा उजवा हात रिकामा झाला.
तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना.
गुडघ्यावर ठेवला. मांडीखाली घातला.
शेवटी इंजिन बंद करायची लाल दोरी
मनगटाला गुंडाळून बसले.

लाईन नंबर सहा मला पाठ होती.
कागदावर तिच्या चार फेऱ्या, आणि चारही वेळा
काठापासून चारशे मीटरवर वेग खाली बसलेला,
जणू पाण्यात कुणी गतिरोधक घातलाय.
मी प्लग तपासला होता, तेलाची नळी,
पंख्यात अडकलेलं शेवाळ.
सगळं ठीक.
आज आम्ही तिथून सरळ गेलो. ताशी पाच.
आप्पांनी टोपी काढली. घातली.
"काय आहे तिथं?"
"इहीर व्हती," ते म्हणाले. "आमची.
पाणी लई गोड."
मग चारी बाजूंच्या पाण्याकडे बघून
एकदम हसायलाच लागले.
डबीवर आकडा: तळ अकरा मीटर, गाळ दोन.

दुपारी साहेबांचा फोन, हँडलची मूठ काढूनच टाका,
माणसाचा हात लागला की आकडे नासतात.
मी ब्रॅकेटचे बोल्ट आवळले,
पिनेची टोकं पक्कडीनं फाकवली
आणि मूठ ठेवली.
तारेला एक सैल कडी घातली,
यंत्रानं धरलेलं असतानाही
हातानं थोडं मागे घेता यावं अशी,
फार नाही, दोन बोटं.
आप्पा बघत होते. बोलले नाहीत.
बिडी मात्र आता पेटवली, लांब जाऊन.

मंगळवारी नवा कागद आला.
अकराच्या अकरा रेघा पाटासारख्या सपाट,
फक्त सहावर एक लहानसा खळगा,
साहेबांनी लाल पेनानं गोल केलेला:
हे काय?

मी खाली लिहिलं,
वारा.