चाळीस अंशांचं कुंड

सकाळचे सात. बाहेर उणे नऊ.
ओल्या अनवाणी पायांनी, कठड्याला धरून,
बर्फातून आठ पावलं.
माझ्या नव्या गुडघ्याला ती सोळा वाटतात.
मग मानेपर्यंत गरम पाणी.
हुश्श.
केसांवर हिम धरू लागतं, केस आधीच पांढरे,
त्यामुळे कुणाला काही कळत नाही.

इथे पाण्यात शिरण्याआधी अंग धुवायचं,
साबणानं, नागडं, एकमेकींदेखत. नियम आहे.
म्हणून आम्हा बायकांना एकमेकींचे टाके पाठ :
हाल्बेराची सपाट शिवण, उजवीकडे, जिथे स्तन होता.
राग्नहेइदुरची पोटावरची, तिसऱ्या खेपेची, आता सुरकुत्यांत हरवलेली.
माझी ताजी, जांभळी, मांडीपासून नडगीपर्यंत.
"अगदी बुटाची चेन," हाल्बेरा म्हणाली,
"उघडून बघू का, आत काय बसवलंय?"

साठ वर्षांपूर्वी खालच्या धक्क्यावर
आम्ही तिघी हेरिंग खारवायचो.
पिंप भरलं की मुकादम बुटात एक बिल्ला टाकायचा,
चालताना खुळखुळायचे.
हेरिंग एका वर्षी आलीच नाही, मग कधीच नाही.
मीठ बोटांच्या पेरांत राहिलं.
आता बरणीचं झाकण उघडायला शेजारचा पोरगा लागतो.

सल्ला इथे फुकट आणि भरपूर.
सिगफूस : कॉडचं तेल, चमचाभर, उपाशीपोटी.
अरे, सत्तर वर्षं पितोस आणि तुला तीन स्टेंट!
"न पिता पाच लागले असते."
राग्नहेइदुर : जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.
हे मात्र खरं निघालं.
हाल्बेरा : रडायचं तर शॉवरखाली रड,
तिथे हिशेब लागत नाही.

आणि केटिल.
चाळीस वर्षं ट्रॉलरचा कप्तान,
वादळात ज्याचा आवाज शेजारच्या बोटीवर ऐकू जायचा.
ऑक्टोबरात झटका आला, उजवा हात गेला,
हात अर्धा परतला, शब्द नाही परतले.
पहिल्या दिवशी पाण्याला 'मीठ' म्हणाला
आणि मग आठवडाभर काहीच म्हणाला नाही.
शिव्या तेवढ्या शाबूत.
मेंदूत त्यांचं कपाट वेगळं असतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
त्यांनी चित्रांचे पत्ते दिलेत सरावाला.
हाल्बेरा ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन पाण्यात उतरते.
हे काय, केटिल?
खुर्ची बघून तो म्हणाला, "घोडा."
कोण आधी हसलं? तोच.
तेव्हापासून आमच्यात खुर्ची म्हणजे घोडा.
"तो घोडा जरा सरकव, टॉवेल ठेवायचाय."

सगळेच दिवस असे जात नाहीत.
एकदा कपडे बदलताना बटणापाशी तो अडला
आणि बाकावर बसून राहिला,
सिगफूसही शेजारी बसून राहिला, शर्ट मांडीवर घेऊन.
हे सिगफूसनं फक्त मला सांगितलं.
मी आता तुम्हाला.

नोव्हेंबरात डोंगराआड गेलेला सूर्य
जानेवारी संपताना दिसतो.
त्या दिवशी आम्ही सातला नाही, दुपारी जमलो,
राग्नहेइदुरनं डब्यात धिरडी आणली होती, साखर भुरभुरलेली.
आधी शाळेचं छप्पर उजळलं. मग चर्चचा कोंबडा.
मग कड्याच्या काठावर ते.
केटिलनं बरा हात वर केला.
ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले.
आम्ही श्वास धरून.
"लोणी," तो म्हणाला.

राग्नहेइदुरनं दुरुस्त करायला तोंड उघडलं,
मी पाण्याखालून तिला नव्या गुडघ्यानं ढोसलं.
काठावर ते खरंच वितळत होतं,
पिवळं, घळघळीत.

चार-पाच मिनिटं. मग गेलं.
उद्या थोडं जास्त असेल.
"गोळ्या घेतल्यास का?" हाल्बेरानं सिगफूसला विचारलं,
आणि तो धिरड्याचा तोबरा भरून
उत्तर द्यायचं टाळत राहिला.