दोन स्वल्पविराम

तुर्कूला नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
त्याआधी आमची डोकी मोजायची ठरलं होतं,
आधी आर्मासचं, मग माझं.
जुळे म्हणून आमचा भाव जास्त.
कागदावर तो ‘रुग्ण’, मी ‘तुलनेसाठी’.
आईच्या पोटातही मी तुलनेसाठीच असणार,
अकरा मिनिटं मागून आलेला.

तळघरात सायक्लोट्रॉन. तिथे बनलेलं द्रव्य
शिशाच्या डब्यातून घेऊन सिर्क्का जवळजवळ पळत येते:
एकशे दहा मिनिटांत ते अर्धं संपतं,
मग उरलेल्याचं अर्धं.
“हलायचं नाही,” ती म्हणते, आणि माझ्या चेहऱ्यावर
गरम, ओली जाळी दाबून बसवते.
जाळी निवते. माझं नाक, माझी हनुवटी
आता माझ्यावाचूनही टिकतील.

दीड तास.
मी ऐकायचा प्रयत्न केला.
आर्मासशी फ्रिजमधला एक माणूस बोलतो,
रेडिओवर समुद्राचं हवामान सांगतात त्या आवाजात:
उत्योच्या पश्चिमेला वारा, लाटा दोन मीटर,
आर्मासने घराबाहेर पडू नये.
मला नुसता पंखा ऐकू आला.
एकाच अंड्यातले आम्ही,
समुद्र तेवढा त्याच्या वाटणीला गेला.

डॉक्टर हाल्मेंनी पडदा आमच्याकडे वळवला.
काळोखात दोन स्वल्पविराम, पिवळे, कडेला तांबूस.
मागेपुढे एक अक्षर नाही.
“इथे डोपामाइन बनतं.”
“त्याच्यात जास्त?”
“आजारी गटात जास्त. सरासरीने.
एकट्या माणसाबद्दल हे चित्र
शपथेवर काही सांगणार नाही.”
चित्रांवर नावं नव्हती, आकडे होते.
मी बोट ठेवलं: हा आर्मास.
तो मी निघालो.

आर्मास हसला. वर्षभरात पहिल्यांदा,
डॉक्टरांनी पेन खाली ठेवावं इतका.
परतताना आउराच्या पुलावर थांबून म्हणाला,
“स्वल्पविरामाच्या आधी काय लिहिलंय
ते नाही ना दिसत त्यांना?”
नाही, म्हटलं.
“मग बरंय.”

रात्री गोळी घेऊन तो झोपल्यावर
मी स्वयंपाकघरात अनवाणी उभा.
फ्रिज एकदा थरथरला आणि गप्प झाला.
दार उघडलं:
दूध, काळा पाव, अर्धी काकडी,
पिवळा दिवा.
शेजाऱ्याला विचारावं तसं, हळूच विचारलं,
उद्या वारा कसा आहे?
त्याला सोबत नेईन म्हणतो, बाजारापर्यंत.