मठारकाम

दर गुरुवारी चार वाजता
नाशिकरोडहून बस पकडते मी,
मांडीवर स्वरमंडळ, वर जुन्या साडीचा अभ्रा.
कंडक्टर विचारतो, काकू, आत काय?
तारा, म्हणते. छत्तीस.
याचं तिकीट फाडायचं का, ते त्याचं अजून ठरत नाही.

नोटप्रेसमध्ये एकतीस वर्षं कागद मोजले या बोटांनी,
गठ्ठ्यात एक कमी असला तर डोळे मिटून सांगायचे.
आता त्याच बोटांना
तार केसभर उतरलेली कळत नाही कधीकधी.
हे मी वॉर्डात कुणाला बोललेले नाही.

साळवे सिस्टर शरणपूरच्या. त्यांनीच बोलावलं.
म्हणाल्या, औषधं आहेत आमच्याकडे,
दोन औषधांच्या मधल्या वेळाचं काही जमतं का बघा.

तर मी बघते.
मॉनिटर ज्या सुरात टुकटुकतो तोच षड्ज धरते,
नाहीतर दोघांचं भांडण, आणि मधे पेशंट.
राग वगैरे नाही. नुसती बोटं फिरवते, वरून खाली,
घाटाच्या पायऱ्या कुणी गुडघे सांभाळत उतरावं तशी.
बायपासवाल्या बाई भिंतीकडे तोंड करून रडतात.
अपघातातला पोरगा मोबाईल उपडा ठेवतो.
एक आजोबा म्हणाले, छान आहे, पण आधी पंखा कमी करा.

सात नंबरला मोरेश्वर तांबट.
साठ वर्षं तांबट आळीत हंडे मठारले,
एक कान त्या ठोक्यांतच गेला.
उरलेल्या कानानं त्यांनी मला थांबवलं.
बाई, तिसऱ्या तारेला पोचा आलाय.
ऐकू येतं तुम्हाला?
ऐकू कुठलं. दाताला लागतं.

मग लॉकरवरचा तांब्याचा पेला घेतला, सलाईनच्याच हातानं,
आणि कडेला नख मारलं.
हा घ्या. याच्याशी जुळवा.
चावी फिरवली. अजून. अजून जरा. बास.
पेला आणि तार
एकमेकांत अशी मिसळली, की
मॉनिटर एकटाच बेसूर राहिला.

त्या दिवशी वाजवलं काहीच नाही.
एकेक तार लावत बसले,
ते खाटेच्या लोखंडी दांडीवर तळवा टेकून, डोळे मिटून,
नको, थोडं चढव, आता सोड, म्हणत.
पोरीला म्हणावं तसं एकेरीत.
एकविसाव्या तारेला झोप लागली त्यांना.
पुढच्या पंधरा मी तशाच ठेवल्या.

पुढच्या गुरुवारी सातवर नवी चादर.
सिस्टर म्हणाल्या, गेले घरी.
या इमारतीत त्या वाक्याचे दोन अर्थ होतात.
कुठला, ते मी विचारलं नाही,
त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही.
पेला ठेवला होता माझ्या नावानं, वर्तमानपत्रात गुंडाळून,
आत कापूस कोंबलेला,
वाटेत वाजू नये म्हणून.

द्वारकेला बस अडकली, नेहमीसारखी.
कंडक्टर म्हणाला, आज जड दिसतंय काकू.
मी पेला उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.
पंधरा तारा अजून लावायच्या आहेत.