जर्मनची रेघ

पेन चालत नाही.
मार्कर, खडू, शिसपेन, काहीही घ्या,
करवतीवर पाणी सुटलं की मिनिटभरात
सगळं वाहून मोरीत.
म्हणून हमीदचाचा होडेकर रेघ मारायचे
जर्मनच्या पातेल्याच्या कानाने.
पातेलं पेजेचं, चाचीच्या वेळचं,
तळाला भोक पडून कधीच मोडीत गेलेलं.
कान तेवढा राहिला,
दगडावर घासून घासून टोक आलेला.

दाभोळच्या धक्क्यामागे,
जाळी विणणाऱ्यांच्या शेजारी
पत्र्याची पडवी: हाच कारखाना.
एक करवत, दोन घासचाकं,
खंबायतहून पोत्यातून येणारा अकीक,
आणि सगळ्याला सुक्या बांगड्याचा वास.

आधी भिजव, म्हणायचे.
चकती बाहेर काढ, फडक्याने पूस, आणि गप बस.
दगड सुकतो आपल्या मर्जीने.
सगळा सुकल्यावरही जी रेघ ओली राहील
तो तडा.
"कालव कसा तोंड मिटून बसतो?
तसाच हापण. तू नको बोलू, तो बोलेल."

मला कुठला धीर?
नगावर मजुरी होती.
एकदा एका चकतीत समुद्रच निघाला:
खाली राखाडी पट्टे, मध्ये पांढरी कड,
वर भरतीआधीचं असतं तसलं आभाळ.
मी पितळी साचा बरोब्बर त्यावर ठेवला,
तीस-चाळीसचं भोक.
चाचांनी अंगठ्याने साचा सरकवला
दोन सूत.
आभाळ गेलं.
"चित्र झ्याक हाय. पण तड्यावर हाय.
चाकावर फुटलं तर
तुझ्या बोटाचंबी चित्र व्हईल."

ते गेले तेव्हा होड्या
झापांखाली शाकारलेल्या होत्या.
फळीवर एक चकती राहिली होती,
आखलेली, न कापलेली.
मी भिजवली. पुसली. गप बसले.
शेजारी कुणीतरी रेडिओ लावला, बंद केला.
दगड सुकत आला, कडेकडून आत,
आणि चाचांच्या रेघेतून,
डावीकडून,
केसाएवढं काहीतरी ओलं राहिलं.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता.
दापोलीला जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ,
असं दोन वर्षं चाललेलं.
मी कुणाला सांगितलं नाही.

जर्मनची रेघ पुसत नाही.
थुंकी लावा, थिनर लावा, नाहीच.
त्याच कानाने मी माझी आखली,
दोन सूत उजवीकडे.
त्यांची तिच्यात घुसलेली,
धक्क्याला दाटीने लागलेल्या दोन होड्यांसारखी.

करवत लावली. पाणी सोडलं.
घासचाकावर त्यांची कमान
पहिल्या फेरीतच गेली.
नग चांगला झाला, पुण्याला गेला,
कुणाच्या तरी बोटात असेल.

उरलेली कपची बिस्किटाच्या डब्यात आहे:
अर्धी रेघ, आणि तो तडा.
डबा कधी उघडते,
कपची हातात घेते.
भिजवत मात्र नाही.