ईनॉक स्टॅथर्सकडून मिळालेली खात्रीची माहिती

हल बंदरात, मासळीच्या गोदामामागे
ईनॉक स्टॅथर्सचं दुकान.
बाहेर पाटी: गिटार, अ‍ॅम्प्लिफायर, इस्त्र्या दुरुस्त करून मिळतील.
आत तो, त्याचा गार होत चाललेला चहा,
आणि थापा.
किरकोळ नाही. ठोक.

मी सतरा वर्षांचा, सोल्डरिंग शिकायला आलेलो.
पहिल्याच दिवशी, पापणीही न हलवता, म्हणाला,
"बेसला चारच तारा का, माहितीये?
सहा होत्या. दोन एका खलाशानं गळाला लावायला नेल्या.
खलाशी परत आला नाही.
मासा आला. खर्जात बोलतो अजून."

मी वहीत लिहून घेतलं.

मग रोजचंच.
केबल रात्री खिळ्याला उभी टांगावी,
आडवी ठेवली तर न वाजलेले सूर मधेच साचतात
आणि सकाळी प्लग लावल्याबरोबर
कालचं गाणं फरशीवर ठिबकतं.

बिनपडद्याची बेस कशी जन्मली?
ग्रिम्सबीच्या एका विधवेनं नाताळाआधी
पडदे धुवायला काढले,
आणि मग म्हणाली, राहू दे, उजेड बरा येतोय.

गायकानं पट्टी बदलली की
बेसवाल्यानं खांद्यावरची पट्टीही बदलायची:
काळी दोनला काळी, पांढरी पाचला पांढरी.
म्हणून तर लग्नाच्या बँडमधले बेसवाले
सदा घाईत असतात, आणि कुणाशी बोलत नाहीत.

फ्यूज उडतो म्हणजे खरोखर उडतो.
नोव्हेंबरात, थव्यानं, दक्षिणेकडे.
हिवाळ्यात माल नसतो तो त्यामुळे,
ऑर्डर द्यायची राहिली म्हणून नव्हे.

आणि ते तिसरं बटण?
ते बेव्हर्लीतल्या कुणा बाईच्या फ्रीजचं आहे.
जास्त पिळू नकोस. तिचं दूध नासतं.

केल्विन रॅस्पिननं हे सगळं मानलं.
दिवसभर कॉड सोलायचा, बोटांना कायम चिरे,
आणि हप्त्यानं घेतलेली एक लाल बेस.
त्यानं केबल टांगली. दोन पट्ट्या घेतल्या.
तिसऱ्या बटणाला तर चिकटपट्टीच लावली,
वर लिहिलं: बाईंना त्रास नको.

मार्चमध्ये तारा मेल्या त्याच्या.
ओल्या दोरीसारख्या वाजायच्या, धप्प, धप्प,
आणि शनिवारी कामगार क्लबात कार्यक्रम.
नव्या घ्यायला पैसे नव्हते. खिसे उलटे करून दाखवले.

ईनॉकनं चष्मा काढला.
"उकळ त्या. पातेल्यात पाणी, दहा मिनिटं.
पुसून खडखडीत कोरड्या कर.
चार दिवस नव्यासारख्या बोलतील."

केल्विन त्याच्याकडे बघत राहिला.
मग माझ्याकडे.
मग पहिल्यांदाच हसला, जरा वाईट हसला.
"इतका बावळट वाटतो का मी तुम्हाला?"
दाराची घंटा वाजली. गेला.

ईनॉक बराच वेळ एकाच स्क्रूशी झटत बसला.
"खरं होतं ते," म्हणाला, स्क्रूलाच.
दोन दिवस एकही थाप नाही.
दुकान इतकं शांत
की इस्त्र्या गार होताना ऐकू यायच्या.

शुक्रवारी मी केल्विनच्या घरी गेलो.
त्याची आई बटाटे सोलत होती.
मी म्हणालो, ती उकळायची युक्ती ईनॉकची नव्हेच.
ती त्या खलाशाची.
त्यानं जाण्याआधी एकालाच सांगितली होती,
आणि पाण्यात एक तमालपत्र पडलंच पाहिजे,
नाहीतर काही खरं नाही.

केल्विनचे डोळे मोठे झाले.
"असं होय," म्हणाला. "हे आधी सांगायचं ना."

शनिवारी क्लबात पहिलाच सूर लागला
आणि बारमागच्या ग्लासांनी मान वर केली.
स्टेजवर मटणाच्या रश्श्याचा मंद वास.
ईनॉक कोपऱ्यात, हातात बिअर. मी त्याला सगळं सांगितलं.

तो फार वेळ काही बोलला नाही.
गाणं संपेपर्यंत.
मग माझ्याकडे वाकून, अगदी काळजीनं:
"सुकं घातलं ना रे?
ओल्यानं सूर कोमल होतात."