काटा तीनवर

आठ महिने काटा तीनवर होता.
पहाटे दवात गारठलेली गाडी उठवली तरी तीन,
भर मे महिन्यात निवळीचा घाट चढून
वर धापा टाकत उभी राहिली तरी तीन.
मी म्हणायचो, इंजिन असावं तर असं.
लांज्याच्या धुमकाला मनातून नमस्कार घालायचो,
ज्यानं हा ट्रक मला साडेचार लाखांत दिला
आणि वर एक नारळ.

ओणीच्या खाणीवर चिरा भरायचा,
तांबडी धूळ भुवयांवर घेऊन
पार जयगडपर्यंत लोकांच्या भिंती पोचवायच्या.
काचेवर धूळ, सीटवर धूळ, डब्यातल्या भाकरीवर धूळ;
तेवढा ऑइलचा मीटर मी रोज अंगठ्यानं पुसायचो
देवाच्या टाकासारखा.

प्रमिला म्हणाली होती, शिमग्यानंतर लगेचच,
समोर अर्धा कापलेला फणस, हातात कोयती:
"वळणावर तुमच्या गाडीचा आवाज बदललाय.
खालून कुणी दार ठोकतंय तसा येतो."
मी हसलो. केबिनमध्ये चढवून दाखवलं तिला.
हे बघ, तीन.
ती काट्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे,
मग हाताचा चीक काढायला खोबरेल शोधत आत गेली.

डिपस्टिकही माझ्याच बाजूनं बोलत होती.
तेल कमी व्हायचं सोडून बोटभर वाढलेलं!
हातखंब्याच्या नाक्यावर हे चारचौघांत सांगितलं
तेव्हा मजगावकर वस्तादनं बशी खाली ठेवली.
"घटणारं तेल लय बघितलं," म्हणाला,
"वाढलं म्हणजे घरात परका शिरलाय."
कांडी उपसली, दोन बोटांत चोळली, हुंगली.
"डिझेल. पंपाचं सील गेलंय.
तेलात आता चिकटपणा किती, तर चहात दूध आहे तेवढा."
त्याच्या टपरीवरचा चहा कोराच असतो.

"पण काटा..." मी म्हटलं.
"सेल्फ मारू नको. नुसती किल्ली फिरव."

फिरवली.
इंजिन गप्प. पंप गप्प. तेल खाली चेंबरमध्ये झोपलेलं.
काटा उठला
आणि सरळ चालत तीनवर जाऊन बसला.

आठ महिने मी किल्लीवरून थेट सेल्फवर जात होतो,
मधल्या त्या एका श्वासात कोण बघतो.

वस्तादची भाची नाझनीन टॉर्च दातांत धरून डॅशखाली शिरली.
वायरींच्या गुंत्यातून तिनं काढला
एक रेझिस्टन्स, तांदळाच्या दाण्याएवढा,
त्यावर काळी टेप. नीट, मन लावून गुंडाळलेली.
ज्यानं केलं त्याला काम येत होतं.

धुमकाला फोन लावला. शिव्या पाठ करून लावला.
तो बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला,
"मीसुद्धा सहा वर्षं तीनच बघितलं रे."
खरं की खोटं, अजून ठरत नाही.

चेंबर उतरवलं. जाळीत काळा गाळ,
बेअरिंगांची पांढरी कातडी उडून आतलं तांबं उघडं,
आणि ते दार, जे प्रमिलाला ऐकू येत होतं,
तिथंच होतं, चौथ्या सिलिंडरखाली.
तेवीस दिवस गाडी उभी. हप्ता उभा नव्हता.

आता डॅशवर वस्तादचा जुना पितळी मीटर आहे,
वायर नाही, इंजिनातून आलेली बारीक तांब्याची नळी.
सकाळी साडेचार दाखवतो,
तापलं की दोन, फाटकाशी थांबलं की एक,
आणि त्या एकवर सारखा थरथरतो.
पहिल्या आठवड्यात मला रात्री झोप नव्हती.

हल्ली किल्ली फिरवतो आणि जरा थांबतो.
काटा शून्यावर असतो.
बरं वाटतं.