ड्रम फिरतोय, पण

फोनवर हौसाबाई एवढंच म्हणाल्या,
“ड्रम फिरतोय, पण तापत नाय.”
पसरणीचा घाट चढून पाचगणीत आलो
तेव्हा ढग शाळेच्या जिन्यात येऊन बसलेले
आणि दोन वसतिगृहांचे मोजे,
एकशे चाळीस जोड,
आंबूस वास सोडत दोऱ्यांवर.

मशीन लावून बघितलं. घरघर नीट.
काचेआड शर्ट वर जायचे, पडायचे,
वर जायचे, पडायचे.
काचेला तळहात लावला
तर खिडकीच्या काचेएवढीच गार.

मेन बंद केला. मागच्या पत्र्याचे सहा स्क्रू,
सहावा नेहमीसारखा झिजलेला.
आधी कॉइल. मीटरची टोकं लावली: बीप.
थर्मोस्टॅट: बीप.
मग ते बोटाच्या पेराएवढं बटण, थर्मल फ्यूज.
टोकं लावली.
पुन्हा लावली, जरा दाबून,
माणूस डॉक्टरला “नीट बघा ना” म्हणतो तसं.
काहीच नाही.

रेक्टर दारातूनच म्हणाले,
“तेवढा तुकडा काढून डायरेक्ट जोडा की.
परवा पालक येतायत.”
जोडता येतं. दोन इंच वायर पुरते.
मेढ्याच्या एका लॉजवर जोडली होती मी,
बावीस वर्षांचा होतो, घाई होती.
त्या चादरींचा करपट वास
अजून इस्त्री जास्त तापली की नाकात येतो.
“फ्यूज उगाच जात नाही, साहेब.
त्यानं काहीतरी बघितलंय.”

जाळी काढली. हौसाबाई रोज साफ करतात,
तरी कडेला निळी लोकर, स्वेटरांची,
आणि कुणाच्या तरी कॉलरची सुटलेली पट्टी: ४१७.
ती खिशात टाकली.
पाइपात हात घातला, कोपरापर्यंत. मोकळा.
मग शेवाळावरून घसरत भिंतीमागं गेलो.

जिथून गरम वारा बाहेर पडतो
त्या तोंडावर एक खाकी पँट.
दोन्ही पाय दोन खिळ्यांना बांधलेले,
कंबर पाइपावर अशी घट्ट बसवलेली
की पाइपालाच नेसवली म्हणावं.
शेजारी प्लास्टिकची खुर्ची, तंबाखूची रिकामी पुडी.

रात्रपाळीचे चिकणे झोपेतून उठून आले,
लुंगीची गाठ धरत.
“एकच जोड दिलाय. दुसरा दिवाळीनंतर म्हणतात.
ओला घालून उभा राहिलो की सुपरवायझर फोटो काढतो.
हितं तासात वाळती.”
मग माझ्याकडं न बघता,
“नाव लिवावं लागंल का?”

फ्यूज दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून आला,
कंडक्टरच्या हातून, पेढ्याच्या खोक्यात.
बसवला. मेन ओढला.
हौसाबाईंनी दार उघडून तोंड आत नेलं,
चूल धरली का बघावं तसं,
आणि काही न बोलता मोजे टाकायला लागल्या.

रिपोर्टात लिहिलं:
बाहेरच्या तोंडाशी हवा अडलेली.
कशानं, त्यालाही रकाना होता.
तिथं आडवी रेघ मारली.

निघताना पाइपापासून तीन फुटांवर
दोन हुक ठोकले, नायलॉनची दोरी ताणली.
बिलात धरली नाही.
वारा तिथवर पोचतो का, हात धरून बघितलं.
पोचतो. कोमट.
तासाचे दोन तास लागतील.

घाट उतरताना हॅरिसन फॉलीच्या खाली कुठंतरी
खिशात हात गेला.
४१७ माझ्याकडंच राहिला.